क्षयाचं प्रोटीन आणि बेंबळीची अंडी

धाराशिव जिल्ह्यात जाणारे लोक एकतर तुळजापूरच्या देवीला जातात, नाहीतर हैदराबादच्या वाटेवर नळदुर्गला चहापुरते थांबतात. मी बेडके गोळा करायला गेले होते. परत आल्यावर शेजारणींनी प्रसाद मागितला, तेव्हा माझी पंचाईत झाली.

मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत काम करते. क्षयाचा जंतू श्वासातून फुप्फुसात शिरला की आपल्या शरीराच्या रक्षक पेशी त्याला गिळतात आणि आत त्याच्यावर आम्ल सोडतात. बरेचसे जंतू त्यात मरतात. हा मात्र तिथंच बिऱ्हाड करतो. त्याला तिथं तगवणाऱ्या गोष्टींपैकी एक म्हणजे त्याच्या आवरणात रुतून बसलेलं एक प्रोटीन. शुद्ध मराठीत प्रथिन. पण हा शब्द आम्ही फक्त भाषणात वापरतो. ते प्रोटीन निकामी केलं तर जंतू त्या आम्लात टिकत नाही, हे आमच्या काचेच्या बशीत सिद्ध झालं आहे. बशीच्या बाहेर अजून व्हायचं आहे. माझी उमेदीची सगळी वर्षं त्या बशीत गेली.

एवढ्या वर्षांत क्षयाच्या रोग्याशी मात्र मी कधी चार वाक्यं बोलले नव्हते. नवे संचालक आले आणि त्यांनी फर्मान काढलं की संशोधकांनी लोकांत मिसळावं. नव्या रोग्यांच्या बेडक्यांचे, म्हणजे खोकून काढलेल्या कफाचे, नमुने आम्हाला हवेच होते. दसरा नुकताच झाला होता. मी बर्फाची पेटी उचलली आणि लोकांत मिसळायला निघाले.

येरमाळा

येरमाळ्याला हमरस्त्यावर उतरले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. सतीश कदम मला न्यायला आले होते. हे सरकारी क्षयरोग विभागाचे पर्यवेक्षक. गावोगाव फिरून रोग्यांच्या गोळ्या चालू आहेत ना ते पाहणं हे त्यांचं काम. गाडी येणार असं मला कळवण्यात आलं होतं. गाडी आली होती, पण दोन चाकांची.

"जीप बंद पडली मॅडम," कदम म्हणाले. "पण काळजी करू नका. पेटी मधी, तुमी मागं. लई आरामात जाऊ."

त्या पेटीला मिठी मारून मी अर्धा जिल्हा पाहिला. एका बाजूला गार आणि दुसऱ्या बाजूला भाजलेली, अशा अवस्थेत मला डोंगरावरचं येडेश्वरीचं देऊळ दिसलं. कदमांनी गाडी न थांबवताच एक हात छातीला लावून नमस्कार केला. मी दोन्ही हातांनी पेटी धरून होते, त्यामुळे माझा नमस्कार राहिला.

रस्त्याच्या कडेनं जिकडंतिकडं कापून रचलेल्या सोयाबीनच्या सुड्या. मळणीयंत्रांचा धूर आणि भुसा नाकातोंडात जात होता. एवढं सोयाबीन, म्हटलं लोक खात असतील भरपूर.

"खातंय कोण?" कदम हसले. "पोतं भरायचं, आडतीला घालायचं. मी पेशंटला म्हणतो, बाबांनो, तुमच्या दारात प्रोटीनचा डोंगर हाय, मूठभर घरात ठेवा. न्हाई. मग म्हणतो अंडी खा, शेंगदाणे खा, डाळ खा. प्रोटीन खा! नुसत्या गोळ्यांनी अंग धरत न्हाई."

टपरीवर चहा घेताना त्यांनी खव्याचा पेढा खाऊ घातला. या भागातला खवा असा की पुण्यातल्या पेढ्यांना पेढा म्हणायला मला आता थोडं जड जातं. टपरीवाल्याकडून कळलं की जिल्ह्याचं नाव बदललं तरी इथली शेळी अजून उस्मानाबादीच आहे. तिला कुणी विचारलेलं नाही.

आरोग्य उपकेंद्रात काम नीट झालं. मी डॉक्टर आहे हे कळल्यावर तीन गुडघे आणि एक कंबर मला दाखवण्यात आली. मी औषधांची डॉक्टर नाही, असं सांगितलं.

"मग कशाच्या?" एका आजींनी विचारलं.

"जंतूच्या."

"मंजे त्याला बरं वाटत नसलं तर?" त्या म्हणाल्या.

बेंबळी

बेंबळीला नमुने घेऊन झाल्यावर कदम म्हणाले, "मॅडम, आता तुमाला आमचं एक घर दाखवतो. माझं सगळ्यात अवघड घर."

घर निवृत्तीतात्यांचं. बरी शेती, दारात ट्रॅक्टर, आणि घर पक्कं माळकरी. अंड्याचं नावही उंबऱ्याच्या आत निघत नसे. त्यांची सून मंगल हिला क्षय झाला. बावीस-तेवीस वर्षांची पोर, वजन इतकं उतरलं की हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. कदम गोळ्या घेऊन जात आणि अंड्यांचा विषय काढत. तात्या त्यांना चहा पाजत आणि विषय बदलत. दोन महिने असं चाललं. शेवटी तडजोड झाली. गोठ्याच्या मागं तीन दगडांची चूल मांडायची, भांडं वेगळं, आणि मंगलनं तिथंच उकडून तिथंच खायचं. कदमांनी स्वतःच्या घरच्या दोन कोंबड्या आणून दिल्या होत्या.

आम्ही गेलो तेव्हा मंगल ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. बांगड्या आता मनगटाच्या जरा वर थांबत होत्या. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, "वजन वाढायलंय मॅडम," आणि दारामागं उभ्या असलेल्या सासूकडं पाहून गप्प झाली.

कदमांना फोन आला आणि ते बोलत बोलत बाहेर गेले. मी आणि तात्या समोरासमोर राहिलो. पांढरं धोतर, गळ्यात माळ, आणि नजर बारीक. त्यांनी मोठ्या आदरानं विचारलं, "तुमी नेमकं काय करताव?"

हा प्रश्न मला नातेवाईकांनीसुद्धा कधी मनापासून विचारलेला नाही. मी खुलले. रक्षक पेशी सांगितल्या, त्यांच्या पोटातलं आम्ल सांगितलं. मंगलच्या पुढ्यातली शेंग घेऊन टरफल म्हणजे जंतूचं आवरण आणि त्यात हे प्रोटीन, असं दाखवलं. तात्या पुढं सरकून ऐकत होते.

"मंजे एवढ्या आम्लात बी त्यो जगतो?"

"जगतो. या प्रोटीनमुळं जगतो."

"प्रोटीनमुळं."

"हो."

"आन प्रोटीन बंद केलं तर?"

"तर मरतो!" मी म्हणाले. "तेच तर माझं संशोधन. प्रोटीन बंद, की जंतू खलास."

"वा," तात्या म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, संचालकांचं बरोबर होतं. लोकांत मिसळायला हवं. विद्यापीठातल्या पदव्युत्तर वर्गानंसुद्धा माझं एवढं लक्षपूर्वक ऐकलेलं नाही.

त्यांनी मला आग्रहानं जेवायला बसवलं. ज्वारीची पातळ भाकरी, शेंगांची चटणी, अंबाडीची भाजी, वर तेलाची धार. कदम आत आले तेव्हा तात्या त्यांना म्हणाले, "लई हुशार बाई आणली बगा तुमी." कदमही खूश झाले. निघताना माझ्या लक्षात आलं की मंगल माझ्याकडं एकटक पाहत होती. मला वाटलं, कौतुकानं.

नळदुर्ग

नंतरचे दोन-तीन दिवस आसपासच्या गावांत गेले आणि मग आम्ही नळदुर्गला आलो. बोरी नदीला तटबंदीच्या आत घेऊन, तिला अडवून, वरून पाणीमहाल बांधणाऱ्या माणसाचं कौतुक करावं तेवढं थोडं. पाणी जोरात होतं आणि बांधावरून दोन धारा कोसळत होत्या. आत महालाच्या खिडकीत उभं राहिलं की पाणी डोळ्यांसमोरून खाली जातं आणि आपण कोरडे राहतो. मला ती जागा फार आवडली. संशोधन संस्थेत असल्यासारखं वाटत होतं.

जेवायला हमरस्त्यावरच्या एका ढाब्यावर बसलो. आजूबाजूला ट्रकवाले, त्यांच्या बोलण्यात मराठी, कानडी, दखनी सगळं एका ताटात. ढाब्याचा मालक गुंडाप्पा कदमांच्या ओळखीचा. त्याचा धाकटा भाऊ कदमांचाच रोगी. कदमांनी विचारलं, "भाऊ काय म्हणतो? आमलेट चालू हाय न्हवं?"

"बंद केलं की साहेब," गुंडाप्पा म्हणाला. "आमलेट बंद, डाळ बंद. नुसता भात आन लोणचं."

"का?"

"अहो, तुमाला ठाव न्हाई? बेंबळीला पुण्याहून मोठी डॉक्टरीण आल्ती म्हणं. तिनं सांगितलं, टीबी प्रोटीनवरच जगतो. प्रोटीन बंद केलं की टीबी खलास. आमच्या पाव्हण्यांनी फोन करून सांगितलं. बगा आता, येवढे दिवस सरकारच चुकीचं सांगायलं!"

माझा घास हातातच राहिला. कदमांनी हळूच माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, ते आठवून पाहत होते की आपण त्या वेळी फोनवर नेमके किती वेळ बोलत होतो.

"मॅडम," ते म्हणाले, "तुमी तात्यांना काय सांगितलं?"

मी सांगितलं, शब्दाला शब्द. त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. ते एखाद्या शोधनिबंधात जसंच्या तसं छापता आलं असतं, आणि माझ्या डोळ्यांपुढं ती मनगटाच्या वर अडकलेली बांगडी आली.

गुंडाप्पाला मी तिथंच उभं राहून समजावलं की खायचं प्रोटीन वेगळं आणि जंतूच्या अंगातलं वेगळं. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "पण ती पुण्याची डॉक्टरीण तर म्हणली..."

"ती मीच," मी म्हणाले.

त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आसं व्हय," तो म्हणाला, आणि आतल्या पोराला न सांगता स्वतःच उठून तव्यावर दोन अंडी फोडली. "भावाला देतो. पर बाई, एकदा काय ते ठरवून सांगत जावा."

बेंबळीपर्यंतच्या वाटेत कदम एक अक्षर बोलले नाहीत. एरवी त्यांचं तोंड गाडीच्या आवाजावरही मात करायचं. एका फाट्यावर गाडी थांबवून त्यांनी फक्त एवढं म्हटलं, "त्या कोंबड्या माझ्या आईच्या होत्या." आणि पुन्हा गाडी सुरू केली.

पुन्हा बेंबळी

तात्यांनी तोंडभरून स्वागत केलं. गोठ्यामागची चूल मोडली होती. तिचे दगड तुळशीवृंदावनाशेजारी रचून ठेवले होते. कोंबड्या दिसत नव्हत्या. मंगल आत अंथरुणावर होती. ती उठून बसली, तेव्हा तिला भिंतीला हात लावावा लागला.

"गोळ्या?" कदमांनी विचारलं.

तिनं सासूकडं पाहिलं. सासू म्हणाली, "नुसत्या भातावर गोळ्या बसंनात. उलटून पडायल्या."

"मग मीच म्हणलं, राहू दे," तात्या म्हणाले. "प्रोटीन बंद केलं मंजे जंतू मरणारच. मेलेल्याला गोळ्या कशापायी?"

आता मला खरी भीती वाटली. क्षयाच्या गोळ्या अर्ध्यात सोडल्या की उरलेला जंतू त्या औषधाला दाद देईनासा होतो, मग साध्या गोळ्यांनी भागत नाही. मी या विषयावर व्याख्यानं दिली आहेत. अशा एका जंतूच्या आणि माझ्या मध्ये आजवर नेहमी काच होती. इथं भिंतीला धरून बसलेली एक मुलगी होती, आणि गोळ्या बंद व्हायला कारण मी होते.

मी सांगायला लागले. प्रोटीन हजारो प्रकारची असतात. जंतूच्या आवरणातलं एक, अंड्यातलं दुसरं.

"पर दोन्ही प्रोटीनच न्हवं?"

"आपण जंतूच्या प्रोटीनला प्रथिन म्हणू या," मी घाईघाईनं म्हणाले.

"आन अंड्यातल्याला?"

"तेही... प्रथिनच म्हणतात."

तात्यांनी हात जोडले. "बाई, तुमी परवा सांगितलं ते मला झटक्यात कळलं. आज सांगताव ते कळंना. मग खरं कुठलं धरू?"

ओसरीवर आता गल्लीतली बरीच माणसं जमली होती. कदमांनी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावून दिला. त्यांनी गोळ्या आजपासून पुन्हा सुरू करा आणि उद्या मंगलला दाखवायला आणा, असं सांगितलं. तात्यांनी तेही शांतपणे ऐकलं. गोळ्यांना ते हो म्हणाले. अंड्यांवर मात्र अडून बसले. खरं तर ते परवाही माझ्या शास्त्रावर भाळले नव्हते. ज्या गोष्टीची त्यांना मनातून लाज वाटत होती, ती बंद करायचं कारण मी त्यांच्या हातात आणून दिलं होतं.

"एक सांगा," ते म्हणाले, "तुमी खाताव का अंडी?"

सगळे माझ्याकडं पाहू लागले. आमच्या घरी केकसुद्धा बिनअंड्याचा असतो. परदेशातल्या परिषदांमध्ये मी आठ-आठ दिवस ब्रेड आणि काकडीवर काढले आहेत.

"नाही," मी म्हणाले.

"कधीच?"

"कधीच नाही."

"मग माझ्या सुनेला का लावताव?"

कदमांनी डोळे मिटून घेतले. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आणा. खाते."

शेजारच्या घरातून अंडी आली. कदमांच्या कोंबड्याही तिथंच होत्या. तात्यांनी त्या विकल्या नव्हत्या, नुसत्या नजरेआड केल्या होत्या. मंगलनं कदमांच्या मदतीनं पुन्हा दगड मांडले. पाणी उकळलं. तिनं अंडं सोलून, मीठ लावून माझ्या हातावर ठेवलं. ते गरम, गुळगुळीत, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं. पांढरा भाग कसाबसा गेला. पिवळा बलक टाळूला चिकटला, तिथून गळ्यात गेला आणि तिथंच बसला. डोळ्यांत पाणी आलं. मंगलनं तांब्या पुढं केला.

"म्या बी पहिल्यांदा आसंच केलं," ती हळूच म्हणाली. "पानी प्या आन नाकानं श्वास घिऊ नका."

मी गिळलं. गल्लीत कुजबुज झाली. तात्या माझ्या तोंडाकडं पाहत होते, आणि परवाची बारीक नजर आता जराशी विरघळली होती.

"तिला रोज दोन सांगितलीत," ते म्हणाले.

मी दुसरं घेतलं. या वेळी मंगलनंही स्वतःचं सोललं आणि आम्ही दोघी गोठ्यामागं शेजारी शेजारी बसून खाल्लं. मग तिनं गोळ्या घेतल्या. आम्ही सगळे ती उलटी करते का याची वाट पाहत बसलो. एक म्हैस मध्येच माझी ओढणी चघळू लागली. मंगलला हसू आलं, हसताना खोकला आला, खोकला थांबला, आणि गोळ्या पोटातच राहिल्या.

तात्या उठले, गोठ्याकडं पाठ करून उभे राहिले आणि कदमांना म्हणाले, "मला हिकडलं कायबी दिसत न्हाई. उद्यापासनं बी दिसणार न्हाई."

कदमांचा विश्वासच बसेना. पण ते कामाचे गृहस्थ. माझी अफवा नळदुर्गपर्यंत गेली होती, म्हणजे ती मोडायलाही तेवढंच मोठं काही हवं होतं. ते मला ग्रामपंचायतीच्या भोंग्यापाशी घेऊन गेले. बोलायचा मजकूर मी रस्त्यातच जुळवला होता. तो त्यांनी ऐकून घेतला.

"पेशी काढा," ते म्हणाले. काढल्या.

"आम्ल काढा. आवरण काढा."

"मग राहिलं काय?"

"टीबीच्या गोळ्या रोज खा. अंडी, डाळ, शेंगा खा. परवाचं इसरा."

मी तेवढंच बोलले. माझा आवाज देवळावरून, सोयाबीनच्या सुड्यांवरून फिरून परत माझ्याच कानावर आला. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत छोटं भाषण, आणि श्रोते सर्वांत जास्त. बाहेर आले तर कदम पुन्हा पहिल्यासारखे बडबडायला लागले होते.

पुण्यात आल्यावर संस्थेच्या अहवालासाठी 'लोकसंपर्काचा' फोटो मागण्यात आला. कदमांनी पाठवलेला एकच होता: गोठ्यामागं बसलेली मी, गाल फुगलेले, हातात अर्धं अंडं. संचालकांनी तो आतल्या पानावर छापला. आईनं तो पाहिला आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नमुन्यांचं काम चालू आहे. प्रोटीनही आपल्या जागी ठाकठीक आहे.

उन्हाळ्यात एकदा दुपारी फोन आला. अनोळखी नंबर. मंगल होती. गोळ्या संपल्या, बेडका साफ आला, डॉक्टरांनी सुट्टी दिली, असं तिनं एका दमात सांगितलं. मग तिनं विचारलं, "मॅडम, ते तुमचं प्रोटीन बंद पडलं का?"

"नाही गं," मी म्हणाले. "अजून नाही."

मग एखाद्या रोग्याला धीर द्यावा तशी म्हणाली, "पडंल, पडंल. लागतो थोडा येळ. तुमी जेवताव न्हवं येळंवर?"